बेसिनवरचा राजा

हायवेलगतच्या एका हॉटेलात हात धुवायच्या बेसिनवर एक राजा टांगलेला आहे. काळी जाड फ्रेम, आत काच, वर एक पिवळा दिवा. खाली लोक शेंगाचटणीचे हात धुतात, चुळा भरतात आणि शेजारच्या आरशात दातांत अडकलेलं काय ते बघतात. राजाला त्याचं काही नाही. तो लोडाला टेकून बसला आहे, चेहरा एका बाजूला वळलेला, तरी डोळे दोन्ही दिसतात. ज्यानं तो लाकडात कोरला त्याला एक डोळा लपवणं जमलेलं नाही. गिऱ्हाईकं त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. कोण आहे हा, असं आजवर एकानंही विचारलं नसेल, पैजेवर सांगतो.

मी त्या राजाला ओळखतो. तो माझ्या टेबलावर तीन आठवडे होता.

सोलापुरात भवानी पेठेत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. चाळीस वर्षं पुस्तकं शिवतो आहे आणि या चाळीस वर्षांत पुस्तकवाल्या माणसांबद्दल माझं मत काही सुधारलेलं नाही. प्रबंध बांधायला येणारे प्राध्यापक मला कव्हरचा रंग तीनदा बदलायला लावतात, आत काय लिहिलंय हे त्यांनी स्वतः एकदा तरी वाचलंय का याची मला शंका येते. धार्मिक मंडळी पोथीला नमस्कार करतात आणि तिच्यात बँकेचं पासबुक ठेवतात. शाळावाले रजिस्टरं घेऊन येतात. दुकानात उभं राहून सगळे एकच वाक्य म्हणतात, "आजकाल कोण वाचतंय हो." जसे काही पूर्वी हे रात्रंदिवस वाचत होते. मी मान हलवतो आणि खळीच्या डब्यात ब्रश फिरवत राहतो. मला वाचता येतं, मोडी येते, जुना टाइप बघून छापखान्याची ऐपत सांगता येते. एवढं येत असल्यावर माणसाच्या नाकाचा शेंडा थोडा वर जाणारच. माझा बराच वर गेला होता.

गेल्या ज्येष्ठात मागच्या गल्लीतली आक्का दुकानात आली. वय ऐंशीच्या पुढं, अंगानं काटकी, कपाळावर मोठं कुंकू. तेलुगू विणकरांचं घर. नवरा मागावर कामाला होता, तो गेला. ती अजून बिड्या वळते. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणते. श्रावणात रोज दुपारी तिच्या दारात पोथी होते आणि पंधरा-वीस बायका मांडीवर सुपं घेऊन, बिड्या वळत वळत ती ऐकतात. जाता-येता तिचा आवाज माझ्या कानावर पडे. तेलुगूत सुरू करून ती मराठीत संपवायची, मधे कुणाला तरी हासडायची, पुन्हा पोथीवर यायची. बाई पारायण करते, भक्तिभाव आहे, एवढंच मी धरून चाललो होतो. नीट ऐकण्याजोगं काही त्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिनं लाल फडक्यातलं गाठोडं टेबलावर ठेवलं. आत दोन लाकडी फळ्या आणि त्यांच्यामधे आडवी, लांबट, सुटी पानं.

"पानं निसटाय लागलीत, बाबा. परवा वाऱ्यानं दोन गल्लीत गेली. सुईदोरा घाल त्येला."

"पुस्तकासारखी शिवून देतो की."

"दे. पर लई काय करू नको. हाय तशी शिव."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण कानाआड केलं. सगळीच गिऱ्हाइकं तसं म्हणतात. डॉक्टरला पेशंट सांगतो, जास्त गोळ्या देऊ नका, तसं.

ती गेल्यावर पानं उलगडली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. जुनी चीज होती. छपाई सुरुवातीच्या काळातली. कागद जाड, हातचा. ओव्या एकापुढं एक कोंबलेल्या, कुठं थांबायचं ते दाखवणारी जागासुद्धा नाही. पहिलं पान गायब, त्यामुळं पोथीचं नाव काय, छापली कुणी, काही कळायला मार्ग नव्हता. आणि एकूण ऐंशीभर पानांत अकरा पानांवर चित्रं होती. लाकडी ठशाची. सागाच्या किंवा तसल्याच फळीवर उलटं चित्र कोरायचं, नको ते लाकूड खरवडून काढायचं, उरलेल्या रेषांना शाई लावायची आणि कागद दाबायचा. हात जड असला की रेषा जड. इथं हात चांगलाच जड होता.

एक हत्ती होता, त्याच्या पायांना माणसाची नखं. एक घोडा होता, त्याचे पाय मोजले तर पाच भरले, कारण कोरणाऱ्यानं स्वाराचा पाय आणि घोड्याचा पाय यांत काहीतरी घोळ घातला होता. एक गलबत होतं आणि त्याच्याखाली गलबताएवढाच मासा. एक बाई खिडकीत, एक बाई हरणापाशी, झाडाखाली एक साधू. राजा दोनदा होता. दोनदा म्हणजे तोच राजा, तोच ठसा. छापखानेवाल्यांचा कद्रूपणा बघा. एका प्रसंगातल्या राजासाठी फळी कोरून घेतली, मग दुसऱ्या प्रसंगात दुसरा राजा आला, त्याच्यासाठी कोण खर्च करणार, लावा तोच. वाचणाऱ्याला कळतंय कुठं. दोन छाप्यांत फरक एवढाच की राजाच्या मागची जी भिंत, तिच्या रेघेत एका छाप्यात केसाएवढी चीर आहे आणि दुसऱ्यात चांगली बोटभर फट. दाबून दाबून फळी तडकत गेली होती. म्हणजे फट असलेला छापा नंतरचा. हे असलं मला चटकन दिसतं, आणि दिसलं की मी स्वतःवर खूश होतो.

चित्रांवरचं कुंकू बघून मात्र डोकं फिरलं. प्रत्येक चेहऱ्यावर बोट टेकलेलं. पिढ्यान्‌पिढ्या. अकरावं एक चित्र तर असं होतं की उभी आकृती दिसत होती, हातात काहीतरी धरलेलं, पण तोंडाच्या जागी नुसतं कुंकवाचं लाल-काळं कवच, नखानं टोकरावं इतकं जाड. ती बाई की बुवा, देव की द्वारपाल, काही कळत नव्हतं. एवढा जुना छापा, आणि बायकांनी त्याचं हळदीकुंकू करून टाकलेलं. कडेला जागोजागी भोकं पाडून बिडीचा दोरा बांधलेला, कुठं हिरवा, कुठं गुलाबी. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मोठ्यानं म्हणालो. दुकानात तेव्हा कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात तो आला, हॉटेलं सजवणारा. वय पस्तीसच्या आसपास, अंगात लिननचा शर्ट, पायात कोल्हापुरी, पण तिची कातडी इतकी मऊ की ती चप्पल कधी उन्हात चालली नसावी. 'काका' म्हणत दुकानात शिरला. हायवेवर एक हॉटेल होतंय, त्याला जुन्या सोलापूरचा 'फील' द्यायचाय, म्हणून तो पेठेपेठेतून जुनं काही मिळतंय का बघत होता. त्याला अडकित्ते हवे होते, मागाचे धोटे हवे होते. टेबलावरची पानं त्यानं वाकून बघितली. मग म्हणाला, "काका, ही चित्रांची पानं मला द्या. बाकीची पोथी तुम्ही बांधून परत करा. त्यांना कळणारसुद्धा नाही. म्हणाल ते देतो."

मी त्याला चांगलंच सुनावलं. म्हणालो, पुस्तकातून चित्र कापणारा आणि जित्या माणसाचा डोळा काढणारा यांत मी फरक करत नाही. तुमच्यासारखे लोक भिंत भरायला पुस्तकं फाडतात आणि वर त्याला जतन म्हणतात. तो ऐकून घेत होता. रागावला नाही. शेवटी म्हणाला, "बरं, फोटो काढू का?" फोटोनं काही झिजत नाही, म्हणून मी काढू दिले. पानं आक्कानं दिली तशीच गठ्ठ्यात होती. तो वरून एकेक पान उलटत गेला आणि चित्र आलं की मोबाइल धरत गेला. जाताना वाकून नमस्कार केला. तो गेल्यावर मी खिडकी उघडली, त्याच्या अत्तराचा वास जाईना.

पुढचे दोन आठवडे मी त्या पोथीवर असा राबलो की बायकोनं विचारलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका आहे का. आधी पानांचे आकडे बघितले. आकडे शाबूत होते, पण पानं कशीही लावलेली. बाराव्यानंतर एकोणसत्तर, त्यानंतर तीस. सगळी पसरून आकड्याप्रमाणे लावली. मग कोरड्या पावाचा तुकडा घेऊन एकेका चेहऱ्यावरचं कुंकू हलक्या हातानं उतरवलं. हे काम कुणालाही जमणारं नाही, हे मी आजही सांगेन. डाग पूर्ण गेले नाहीत, पण नाकडोळे वर आले. त्या जाड कवचाच्या पानावर चार दिवस घालवले. कवच निघालं आणि खाली कागदच नव्हता, झिजून आरपार झालेला. तिथं पातळ कागदाचं ठिगळ लावलं. दोरे काढून कचऱ्यात टाकले. उंदरांनी कुरतडलेल्या कडा मशीनवर छाटल्या. शिवण घातली, मरून कापडाचा पुठ्ठा चढवला. पोथी अशी दिसत होती की छापखान्यातून निघाली तेव्हाही दिसली नसेल.

आक्का न्यायला आली तेव्हा जुन्या फळ्या आणि फडकं काखेत मारून तिनं पोथी छातीशी धरली, उघडली नाही. "लई झ्याक केलंस," म्हणाली. मी हात झटकत म्हणालो, "नीट लावून दिलीय, आक्का. सगळी उलटीपालटी झाली होती." ती हसली. मला वाटलं, कृतज्ञतेनं हसली असणार.

श्रावण लागला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी आक्काची सून दुकानात आली. सासूला त्यांच्यात अत्तम्मा म्हणतात. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अत्तम्मा सांगंना झाल्यात. पोथी उघडत्यात आन् बंद करत्यात. तुमी काय केलासा त्येला?"

काय केलं? मी सोनं केलं होतं. शिवण उसवली असेल, असं वाटून सुई-दोरा घेऊन तिच्यामागं गेलो.

दारात बायका होत्या. सुपं, तेंदूची पानं, कातऱ्या, तंबाखूचा वास. पलीकडच्या शेडमधून मागाची खटखट. आक्का भिंतीला टेकून बसली होती, पोथी पुढ्यात. मला बघून तिनं पहिलं चित्र उघडलं आणि सुरुवात केली. साधू बसला होता झाडाखाली. त्यानं काय केलं, तर. तिनं पुढची पानं उलटली, ओळीखालून बोट फिरवत. दुसरं चित्र आलं, गलबताचं. ती थांबली. "ह्यो समुद्र आत्ताच कसा आला? घोडा कुटं हाय?" पुन्हा पानं उलटली. हत्ती आला. "अगं बया," ती हळूच म्हणाली. एक बाई म्हणाली, राहू दे आक्का, उद्या सांग. आक्का म्हणाली, "काल बी त्येच म्हणलीस."

मला कळायला फार वेळ लागला. हुशार माणसाला अशा गोष्टी उशिरानं कळतात. तिचं बोट ज्या ओळीखालून फिरत होतं त्या ओळीत साधू नव्हताच. तिथं कुठल्याशा नगरीचं वर्णन चाललं होतं.

"आक्का," मी विचारलं, "तुला वाचता येत नाही?"

"न्हाय की," ती म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "शाळंत कोण घालतंय? सात वर्साची असल्यापासून बिड्या करतीय."

"मग सांगतेस काय इतकी वर्षं?"

"चित्रातलं सांगतीय. सासूनं सांगिटल्यालं. थोडं माझं."

मग सगळं बाहेर आलं. पोथी सासूकडची. सासूलाही वाचता येत नव्हतं. तिच्या हातून ती एकदा पडली, पानं विखुरली, आणि तिनं तिला पटली तशी लावली. चित्र बघायचं, गोष्ट सांगायची. अक्षरांची पानं मधे असतात ती दम घ्यायला. आक्का सून होऊन आली तेव्हा तिनं त्या क्रमानं ऐकलं आणि पुढं त्याच क्रमानं सांगितलं. दोरे होते ते रोजच्या मुक्कामाचे. हिरव्यापाशी आज थांबायचं, गुलाबीपाशी उद्या.

एक बिडीवाली म्हणाली, "तेवढं राजाचं तरी सांग." आणि मला म्हणाली, "राजाचं घर फुटतंय ना, मास्तर. भित्ताड उललेलं. मग त्यो वनात जातोय, समुद्र वलांडतोय, लई भोगतोय. आन् शेवटाला पुन्हा येतोय तर भिंत सांधलेली. आमी सगळ्या त्येच्यासाठीच बसताव."

भिंत सांधलेली. म्हणजे बोटभर फटीचा छापा आधी आणि केसाएवढ्या चिरेचा शेवटी. मी पानांच्या आकड्यांप्रमाणे लावून दिला होता तो क्रम बरोबर उलटा. माझ्या पोथीत राजाचं घर आधी धड होतं आणि नंतर फुटलं होतं. ऐंशी वर्षांच्या बाईनं समोर बसून ते पान उघडलं असणार आणि तिला काय वाटलं असेल, हा विचार मला तेव्हा आला. लाज वाटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं मी दुसऱ्याचा बैल सोडून दिला होता.

म्हणालो, "उसवून देतो. परत पहिल्यासारखी लावू."

तिथंच बसून शिवण कापली. माझ्या हातची शिवण कापायला मलाच अर्धा तास लागला. अकरा चित्रं बाजूला काढून तिच्यापुढं पसरली आणि म्हणालो, लाव. फुटक्या घराचा राजा तिनं पहिला उचलला. धड घराचा शेवटी ठेवला. मधल्या नवांवर तिचा हात फिरत राहिला. घोडा ठेवला, उचलला. खिडकीतली बाई ठेवली, उचलली.

"सांगत जा ना," मी म्हणालो. "तू गोष्ट सांग, मी पानं लावतो."

"तसं येत न्हाय, बाबा. पान आलं की गोष्ट येतीय. गोष्ट आधी कुटनं आणू?"

सुनेला विचारलं. ती म्हणाली, आमी खाली मुंडी घालून बिड्या वळताव, मधलं कोण ध्येनात ठेवतंय, हे झालं की ते होतंच. पाच बायकांनी पाच क्रम सांगितले आणि आपसांत भांडल्या. पाऊण शतक गल्लीत सांगितली गेलेली गोष्ट, आणि ती त्या गठ्ठ्याच्या बाहेर कुठंच नव्हती.

तेव्हा मला फोटो आठवले.

मी त्या हॉटेलं सजवणाऱ्याकडं जायचं दोन दिवस टाळलं. ज्याला डोळे काढणारा म्हटलं त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं? शेवटी रिक्षा केली आणि हायवेवर गेलो. हॉटेल सुरू झालेलं होतं. दारात मागाचे धोटे टांगलेले, कंदील, बैलगाडीचं चाक, सगळी जत्रा. आत भिंतीभिंतीवर आक्काची चित्रं, फोटोंवरून मोठी केलेली. घोडा पाच पायांचा, कडक भाकरीच्या थाळीच्या बोर्डाशेजारी. हत्ती काउंटरमागं. आणि बेसिनवर राजा. कुणाच्याही कपाळाला कुंकू नव्हतं. त्यानं ते कॉम्प्युटरवर पुसून घेतलं होतं. क्षणभर मला किळस आली, आणि मग आठवलं की मी पावानं तेच केलं होतं. त्यानं फोटोतलं पुसलं होतं, मी पानावरचं.

तो मालकाबरोबर बसला होता. मला बघून उठला, "या काका," म्हणाला, चहा मागवला. मी घडलं ते सांगितलं. त्यानं एक चकार शब्द वाकडा काढला नाही. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मोबाइल काढला, त्या दिवसाचे फोटो शोधले आणि मूळ फोटो, कुंकवासकट, एकापाठोपाठ मला पाठवले. पोथीत होते त्याच क्रमानं. मी मोजले. दहा होते.

"अकरावं?"

"ते तोंड नसलेलं ना? ते घेतलं नाही, काका. डॅमेज होतं."

दहा फोटो घेऊन मी तडक आक्काकडं गेलो. संध्याकाळ व्हायची होती, बायका सुपं आवरत होत्या. मी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि एकेक पान तिच्यापुढं लावत गेलो. फुटक्या घराचा राजा. घोडा. खिडकीतली बाई. दर पानागणिक आक्काची मान हलायची, "व्हय, व्हय," आणि तिसऱ्या-चौथ्या पानाला तर ती सांगायलाच लागली. बायका उठता उठता परत बसल्या. हरणाजवळची बाई कोण, गलबताला मासा का लागला, सगळं आलं. मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. वाईट नव्हती गोष्ट. छापलेल्या ओव्यांपेक्षा कितीतरी बरी होती, त्या मी वाचल्या होत्या.

साधूच्या पानानंतर तिचा हात पुढं गेला आणि थांबला. मग मागं आला. गलबतापाशी थांबला, पुन्हा मागं.

"हितं कुटं तरी खरखरीत लागायचं," ती म्हणाली.

अकरावं पान माझ्या मांडीवर होतं. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं न बघताच त्यावरून बोट फिरवलं. माझं ठिगळ गुळगुळीत होतं.

"ह्येचं तोंड कुटं गेलं?"

"तोंड आधीच झिजलेलं होतं, आक्का. नुसतं कुंकू होतं."

"मला लागत हुतं की बोटाला. पानं उलटताना लागलं की थांबायचं. मग ह्येचं सांगायचं." तिनं पान उजेडाकडं धरलं. ठिगळातून उजेड आला. "ह्ये कोण?"

कुणालाच सांगता येईना. सून म्हणाली, ह्याच्यापाशी अत्तम्मा नेहमी रडायच्या. एक बाई म्हणाली, तिथं आमी सगळ्याच गप बसायचो. कोण होतं आणि का रडायचं, हे मात्र कुणी सांगू शकलं नाही. आक्कानं ते पान साधूनंतर ठेवून बघितलं, गलबतानंतर ठेवून बघितलं, हरणाच्या आधी ठेवून बघितलं. प्रत्येक वेळी डोळे मिटून थोडं थांबली. मग ते उलटं करून माझ्यापुढं धरलं. मागच्या बाजूला ओव्या होत्या.

"तुला वाचाय येतंय न्हवं? मग बघ की. ह्ये कोण हाय ते लिवलं असंल."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. एक ओवी मधेच सुरू होत होती आणि एक मधेच तुटत होती. बाजाराचं वर्णन होतं, कापडांची नावं होती, केळी आणि विड्याची पानं होती. पुढचं-मागचं पान मागून घेतलं, तेही वाचलं. ज्या छापखान्यानं एक राजा दोनदा वापरला त्यानं हा ठसाही मिळेल तिथं दडपला होता. चित्रातल्या माणसाचा त्या अक्षरांशी काही संबंध नव्हता.

"नाही आक्का," मी म्हणालो. "कळत नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. चाळीस वर्षं मी ज्या नजरेनं लोकांकडं बघत आलो त्यातलं तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

"लिवल्यालं असून बी कळंना व्हय तुला?"

बायका उठल्या. आक्कानं पान माझ्या हातातून घेतलं, इतर पानांच्या वर ठेवलं आणि फळ्यांवर लाल फडकं बांधलं.